प्रिंगल, माइक

(१ ऑक्टोबर १९६७ – ). कॅनडियन फुटबॉलमधील विक्रमवीर रनिंग बॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावणारा खेळाडू. जन्म अमेरिकेत, लॉस एंजेलिस येथे. कॅनडियन फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे सीएफएलमध्ये, १९९२ ते २००४ या काळात खेळताना त्याने चेंडू घेऊन धावत एकूण १६,४२५ यार्ड मिळवले. लीगच्या इतिहासात एवढी मजल दुसऱ्या कोणाची नाही. १९९८च्या एका हंगामात त्याने काढलेल्या २,०६५ यार्डांच्या जवळपासही नंतर कोणी पोहोचलेले नाही. या लीगमध्ये एका हंगामात दोन हजारांचा टप्पा ओलांडणारा तो एकमेव खेळाडू.

हा आकडा केवढा मोठा आहे हे कळायला त्या खेळाचे नियम थोडे पाहावे लागतात. कॅनडियन फुटबॉल दिसायला अमेरिकन फुटबॉलसारखाच, पण मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद, खेळाडू अकराऐवजी बारा. खरा फरक ‘डाऊन’चा. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी अमेरिकन संघाला चार प्रयत्न मिळतात, कॅनडियन संघाला तीनच. त्यातलाही तिसरा बहुधा लाथेने चेंडू लांब टोलवून देण्यात खर्ची पडतो, म्हणजे हाताशी उरतात दोन. कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या चढाईला जशी घालमेल होते, तशी इथे पहिल्याच प्रयत्नात दोन यार्ड मिळाले की सुरू होते. साहजिकच प्रशिक्षकांचा कल चेंडू लांब फेकण्याकडे असतो. रुंद मैदान आणि फेक झेलणाऱ्यांना चेंडू खेळात येण्याआधीच पळत सुटण्याची मुभा, हेही फेकीच्याच पथ्यावर पडते. चेंडू छातीशी धरून गर्दीत घुसणाऱ्या रनिंग बॅकची इथे कामापुरती गरज. अशा खेळात एका माणसाच्या पायांवर अख्ख्या संघाचा डाव उभा करणे हे धाडसच.

धावणाऱ्याच्या बाजूनेही एक नियम आहे. बचाव करणाऱ्या संघाला चेंडूच्या रेषेपासून पूर्ण एक यार्ड मागे उभे राहावे लागते. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही रांगा नाकाला नाक लावून उभ्या असतात. हे एक यार्ड म्हणजे क्वार्टरबॅकने (डाव चालवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या किंवा हाती देणाऱ्या खेळाडूने) चेंडू हातात दिल्यावर पुढचा मार्ग पाहायला मिळणारा अर्धा क्षण. समोरच्या दोन धिप्पाड सहकाऱ्यांमधली फट उजवीकडे उघडते की डावीकडे, हे त्या अर्ध्या क्षणात हेरायचे आणि तिथूनच वळायचे. प्रिंगलची उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. रांगेच्या मागे तो दिसेनासा व्हायचा आणि बचावपटूंना दिसायचा तोपर्यंत त्यांच्या बगलेतून निघालेला असायचा.

महाविद्यालयीन फुटबॉल तो आधी वॉशिंग्टन स्टेटकडून आणि नंतर कॅल स्टेट फुलर्टनकडून खेळला. फुलर्टन हे काही फुटबॉलसाठी नावाजलेले विद्यापीठ नव्हे. १९९२नंतर तर त्यांनी संघच गुंडाळला. पण ४ नोव्हेंबर १९८९ रोजी न्यू मेक्सिको स्टेटविरुद्ध प्रिंगलने एका सामन्यात ३५७ यार्ड धावून अमेरिकेच्या सर्वोच्च महाविद्यालयीन स्तरावरील विक्रमाशी बरोबरी केली. तो विक्रम १९८४ साली केला होता रूबेन मेझने. मेझ हा कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताचा, आणि खेळला होता प्रिंगलने सोडलेल्या त्याच वॉशिंग्टन स्टेटकडून. बरोबरीचा आनंद आठवडाभरच टिकला. पुढच्याच शनिवारी इंडियाना विद्यापीठाच्या अँथनी थॉम्पसनने ३७७ यार्ड काढले.

अमेरिकेच्या व्यावसायिक लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, १९९०च्या नवोदित खेळाडूंच्या निवडीत अटलांटा फाल्कन्सने त्याला सहाव्या फेरीत घेतले. एनएफएलमधली त्याची कारकीर्द त्या एका हंगामातल्या मोजक्या सामन्यांत आटोपली. १९९२ साली एडमंटनमार्गे तो सीएफएलमध्ये आला, तिथेही फारसा मैदानात उतरला नाही. १९९३ साली सॅक्रामेंटो गोल्ड मायनर्सकडून खेळताना पूर्ण हंगामात धावून मिळाले ३६६ यार्ड. वय सव्वीस, अनेक संघ पाहून झालेले, नावावर सांगण्यासारखे काही नाही. रनिंग बॅकचे पाय तिशीच्या आसपास थकू लागतात हे लक्षात घेतले तर इथेच त्याची गोष्ट संपायला हरकत नव्हती.

ती फिरली बाल्टिमोरमध्ये. १९९३ ते १९९५ या काळात सीएफएलने अमेरिकन शहरांत संघ काढून पाहिले. तो प्रयोग एकंदरीत फसला. बहुतेक संघ एक-दोन हंगामांत बुडाले. बाल्टिमोर मात्र अपवाद. या शहराचा एनएफएल संघ, कोल्ट्स, १९८४ साली एका रात्रीत सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेला होता आणि लोकांच्या मनातून ते गेले नव्हते. नव्या संघाला ‘सीएफएल कोल्ट्स’ हे नाव द्यायचे ठरले, एनएफएलने न्यायालयात जाऊन ते रोखले, आणि १९९४चा हंगाम संघ नावाशिवायच खेळला. प्रेक्षक मेमोरियल स्टेडियममध्ये जुनेच नाव ओरडत राहिले. प्रशिक्षक होते डॉन मॅथ्यूज. त्यांनी प्रिंगलच्या हातात चेंडू दिला आणि देतच राहिले. हंगामाअखेरीस त्याच्या नावावर १,९७२ यार्ड होते. कॅल्गरीच्या विली बर्डनचा १,८९६ यार्डांचा १९७५पासूनचा विक्रम मोडला. संघ ग्रे कपच्या, म्हणजे सीएफएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण बी. सी. लायन्सच्या लुई पासालियाने शेवटच्या क्षणी खांबांमधून लाथेने मारलेल्या फील्ड गोलमुळे २६–२३ असा हरला.

पुढच्या वर्षी संघाला ‘स्टॅलियन्स’ हे नाव मिळाले आणि पंधरा विजय, तीन पराभव अशी घोडदौड झाली. प्रिंगलचे १,७९१ यार्ड. नोव्हेंबरमध्ये रिजायना येथे कॅल्गरीला ३७–२० असे हरवून बाल्टिमोरने ग्रे कप जिंकला. कॅनडाचा हा चषक सीमेपलीकडे गेल्याची ही पहिली आणि आजवरची एकमेव वेळ. लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्या वर्षी प्रिंगलची निवड झाली. १९९१ ते १९९७ या सात वर्षांत हा मान सहा वेळा क्वार्टरबॅक डग फ्लूटीने नेला. मधले एक वर्ष तेवढे प्रिंगलचे.

विक्रमाला लागलेला बट्टा म्हणून अनेक जण बाल्टिमोरच्या या दोन हंगामांकडे बोट दाखवतात. कॅनडियन संघांना ठरावीक संख्येने देशी खेळाडू घ्यावे लागत, अमेरिकन संघांना असे बंधन नव्हते. त्यामुळे प्रिंगलसमोर वाट मोकळी करणारी रांग संपूर्णपणे अमेरिकन, निवडून गोळा केलेली. आक्षेपात तथ्य आहे. लीगचा सर्वोत्कृष्ट ऑफेन्सिव्ह लाइनमन (वाट मोकळी करणाऱ्या रांगेतला खेळाडू) हा पुरस्कार १९९४ साली शार पूरदानेशला आणि १९९५ साली माइक विदीकोंबला मिळाला, दोघेही बाल्टिमोरचे. मात्र हा आक्षेप १९९८ला लागू पडत नाही, आणि तिथेच त्याची धार बोथट होते.

ग्रे कप जिंकण्याच्या काही दिवस आधी क्लीव्हलँडचा एनएफएल संघ बाल्टिमोरला हलणार असे जाहीर झाले. स्टॅलियन्सचे दिवस भरले. मालक आपला पसारा घेऊन मॉन्ट्रियलला गेला आणि तिथे अलुएट्स हे जुने नाव पुन्हा उभे राहिले. प्रिंगलने मात्र आधी एनएफएलचे दार आणखी एकदा ठोठावले. १९९६च्या उन्हाळ्यात तो डेन्व्हर ब्रॉन्कोजकडे गेला. तिथे टेरेल डेव्हिस नावाचा तरुण जागा धरून बसलेला होता. प्रिंगलला परत यावे लागले. हंगाम अर्धा सरल्यावर तो मॉन्ट्रियलमध्ये दाखल झाला. दोन वर्षांनी, १९९८ साली, डेन्व्हरकडून डेव्हिसने २,००८ यार्ड काढले आणि त्याच वर्षी मॉन्ट्रियलकडून प्रिंगलने २,०६५. डेव्हिसचे सामने सोळा, प्रिंगलचे अठरा, नियमही वेगळे. तरी ब्रॉन्कोजने नाकारलेल्या माणसाला त्या वर्षीची वर्तमानपत्रे वाचताना काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

मॉन्ट्रियलमध्ये फुटबॉल तेव्हा मरणपंथाला लागलेला होता. प्रचंड ऑलिंपिक स्टेडियममध्ये मूठभर प्रेक्षक. १९९७च्या बाद फेरीच्या सामन्यादिवशी तिथे ‘यू टू’ या बँडचा कार्यक्रम ठरला होता, म्हणून सामना मॅकगिल विद्यापीठाच्या आवारातल्या छोट्या, जुन्या पर्सिव्हल मोल्सन स्टेडियममध्ये हलवावा लागला. तिकिटे संपली. पुढच्या हंगामापासून संघ तिथेच राहिला आणि गर्दी वाढत गेली. प्रिंगलचे २,०६५ यार्ड याच हंगामातले: ३४७ वेळा चेंडू हातात, दर धावेला सरासरी सहा यार्डांच्या आसपास. आता संघाला देशी खेळाडूंचे बंधन होते. रांगेत उझूमा ओकेके, क्वेबेकचा पिएर व्हर्शेव्हाल, व्हँकुव्हरचा ब्रायन च्यू. हे तिघेही पुढे सर्वोत्कृष्ट लाइनमन ठरले. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान दुसऱ्यांदा प्रिंगलकडे आला.

या यशात क्वार्टरबॅक ट्रेसी हॅमचा वाटा सहसा सांगितला जात नाही. बाल्टिमोरमध्ये आणि १९९८ साली मॉन्ट्रियलमध्येही प्रिंगलसोबत तोच होता. हॅम स्वतः पट्टीचा धावणारा. १९९० साली एडमंटनकडून एका हंगामात हजारापेक्षा जास्त यार्ड धावणारा लीगचा तो पहिला क्वार्टरबॅक. चेंडू प्रिंगलला दिला की हॅमने स्वतःकडेच ठेवला हे कळेपर्यंत बचावाचा एक खेळाडू जागेवर खिळून राही. प्रिंगलच्या कितीतरी यार्डांचा उगम त्या खिळलेल्या पायांत आहे.

विली बर्डनच्या चाहत्यांचा मुद्दा मात्र खोडून काढता येत नाही. बर्डनने १,८९६ यार्ड सोळा सामन्यांत काढले; दर सामन्याला ११८ पेक्षा जास्त. प्रिंगलची १९९८ची सरासरी ११५च्या किंचित आत येते. हंगाम १९८६पासून अठरा सामन्यांचा झाला नसता तर विक्रमाच्या पानावरचे चित्र वेगळे दिसू शकले असते.

१९९९ साली १,६५६, २००० साली १,७७८ आणि २००१ साली १,३२३ यार्ड असा क्रम चालू राहिला. २००० साली मॉन्ट्रियल ग्रे कपच्या अंतिम सामन्यात बी. सी. लायन्सकडून २८–२६ असे हरले. २००२ साली दुखापतीने प्रिंगलचा हंगाम गेला. त्याच्या जागी आलेल्या लॉरेन्स फिलिप्सने हजारावर यार्ड धावून दाखवले, आणि मॉन्ट्रियलने एडमंटनला हरवून ग्रे कप जिंकला. प्रशिक्षक होते तेच डॉन मॅथ्यूज. हंगामानंतर क्लबने प्रिंगलला मोकळे केले. पस्तिशीच्या, जायबंदी झालेल्या रनिंग बॅकबाबत हा निर्णय व्यवहाराला धरूनच होता.

प्रिंगल गेला एडमंटनकडे, ज्या संघाने अकरा वर्षांपूर्वी त्याला बाकावर बसवले होते. २००३ साली त्याने १,३७६ यार्ड काढले आणि रिजायना येथे झालेल्या अंतिम सामन्यात एडमंटनने मॉन्ट्रियलला ३४–२२ असे हरवले. २००४ साली त्याने गाठले जॉर्ज रीडला.

रीड हा सस्कॅचेवान रफरायडर्सचा फुलबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणाराच खेळाडू, तोही वॉशिंग्टन स्टेटचाच. १९६३ ते १९७५ ही तेरा वर्षे तो एकाच संघाकडून, रिजायनाच्या बोचऱ्या थंडीत, २०३ सामने खेळला. १९६६ साली रफरायडर्सने आपला पहिला ग्रे कप जिंकला तो त्याच्याच जोरावर. खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्षपदही त्याने दीर्घकाळ सांभाळले. १६,११६ यार्डांचा त्याचा विक्रम जवळजवळ तीस वर्षे टिकला होता. रीडला एवढे यार्ड मिळवायला ३,२४३ वेळा चेंडू घेऊन धावावे लागले, प्रिंगलला १६,४२५ साठी २,९६२ वेळा. पण रीड दोन-तीन यार्ड हमखास हवे असताना, समोर सगळे त्याचीच वाट पाहत असताना चेंडू घेणारा खेळाडू होता, त्यामुळे नुसत्या सरासरीवरून दोघांत डावे-उजवे करू नये. सस्कॅचेवानमध्ये तर तशी तुलना करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. रीडचे १ ऑक्टोबर २०२३ रोजी निधन झाले.

२००४च्या हंगामात १,१४१ यार्ड काढून प्रिंगल निवृत्त झाला. अलुएट्सने त्याचा २७ हा क्रमांक कायमचा राखून ठेवला, २००८ साली कॅनडियन फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. निवृत्तीच्या वेळी एकूण टचडाऊनमध्ये (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेण्यात) तो आणि रीड १३७ वर बरोबरीत होते. २००७ साली विनिपेगच्या मिल्ट स्टेगलने दोघांनाही मागे टाकले. नुसत्या धावून केलेल्या टचडाऊनचा विक्रम मात्र आजही रीडकडेच आहे: त्याचे १३४, प्रिंगलचे १२५.