जुनी जीप ऑफरोडसाठी तयार करताना: आधी आरसी, मग पाना

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी, हाती आली की पहिला फोन गॅरेजला जातो. कमानपाटे कुठले टाकायचे, टायर किती मोठे बसतील, डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) इंजिन मिळेल का, अशी चर्चा सुरू होते. आरसी बुक, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, मात्र गाडीच्या खणात पडून राहतं. माझं सांगणं एवढंच की हा क्रम उलटा करा. जीपवर होणारा सगळा खर्च त्या एका कागदावर उभा असतो. एमएम 540, मेजर, क्लासिक, जिप्सी, गाडी कुठलीही असो, ही गोष्ट बदलत नाही.

खासगी गाडीची नोंदणी पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून 15 वर्षं चालते. पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. म्हणजे 1994 ची जीप घेत असाल तर 2009 नंतर तिचं पासिंग (तपासणी होऊन नूतनीकरण) वेळोवेळी झालं आहे का, हा पहिला प्रश्न. झालं नसेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याला चारचाकीसाठी 500 रुपये जादा द्यावे लागतात. तेव्हा मालकाने सांगितलेली किंमत आणि गाडी खरोखर पडते ती किंमत यांत बराच फरक पडू शकतो. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल, तर कर्ज कधीच फिटलं असं कोणी कितीही सांगो, बँकेचं पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय विसार देऊ नका.

मालकी बदलायला फॉर्म 29 आणि फॉर्म 30 लागतात. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म 28 वरची एनओसी आधी हवी. इथला नंबर घेण्यासाठी मग फॉर्म 27 भरायचा. हरियाणातल्या मंडी डबवालीच्या बाजारातून अगदी नव्यासारखी दिसणारी जीप ट्रकवर चढवून आणणारे बरेच आहेत. ती दिसायला देखणी असते, पण तिची चॅसी, इंजिन आणि आरसी एकाच गाडीची आहेत का, हे तिथेच, पैसे देण्याआधी ताडून पाहावं. लष्कराच्या लिलावातली जिप्सी किंवा जीप असेल तर तिची नव्याने नोंदणी होते. त्यासाठी फॉर्म 20 सोबत संबंधित लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेला फॉर्म 21 मधला मूळ विक्री दाखला लागतो. त्या लिलावाच्या गाडीची पुढे हस्ते परहस्ते विक्री झाली असेल आणि हा मूळ दाखला हरवला असेल, तर मी ती गाडी घेणार नाही.

नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म 25 वर, मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत करायचा. परिवहन पोर्टलवर फी भरून वेळ घ्यायची आणि गाडी घेऊन तपासणीला जायचं. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा आणि ओळखीचा पुरावा, पॅन, आणि चॅसी व इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट (कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा) ठेवा. 15 वर्षांवरच्या गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो, त्याची पावतीही लागेल. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसलेली हवी. फीचं सांगायचं तर 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या खासगी चारचाकीला 5,000 रुपये झाले, आणि ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने 20 वर्षांवरच्या हलक्या वाहनांना 10,000 रुपये केले. भरण्याच्या दिवशी पोर्टलवर दिसेल तो आकडा धरा.

तपासणीत मोटार वाहन निरीक्षक ब्रेक, स्टिअरिंगचा खेळ, दिवे, हॉर्न, टायर आणि चॅसीचा गंज पाहतात. म्हणून दुरुस्ती पासिंगच्या आधी करायची आणि फेरफार मंजुरीनंतर. किंगपिन (पुढची चाकं ज्यावर वळतात ती खीळ), व्हील बेअरिंग, ब्रेकचे सिलिंडर, गळणारी ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स), सडलेला फ्लोअरचा पत्रा ही सगळी दुरुस्ती आहे. गाडी होती तशी परत आणण्याला कोणाची परवानगी लागत नाही.

चॅसीच्या वेल्डिंगला मात्र स्वतः समोर उभे राहा. आमच्या घरच्या एमएम 540 ला पॅच मारताना कारागिराने गंज काढायला ग्राइंडर फिरवला, तो थेट कोरलेल्या नंबरावरून. दोन आकडे पुसट झाले. तपासणीत पेन्सिल प्रिंट उमटेना आणि गाडी अडकली. महिनाभर मी अर्ज आणि खुलासे घेऊन हेलपाटे घातले. असं झालं तर नंबर परस्पर पुन्हा कोरून घेऊ नका, आधी आरटीओला लेखी कळवा. आणि काम सुरू होण्याआधी नंबराचे स्वच्छ फोटो काढून ठेवा. त्या महिन्यात माझ्या उपयोगी तेच पडले.

आता फेरफार. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 इथे लागू होतं. गाडीच्या रचनेत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे आरसीतले तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीने कलम 182अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक’ हा शब्द नीट वाचा.

मग करता काय येतं? मी एक साधी कसोटी वापरतो. आरसी उघडा आणि करायच्या कामाचा त्यातल्या कुठल्या रकान्याशी संबंध येतो ते पाहा. चॅसी कापून लांबी कमी केली की व्हीलबेस बदलला, तो मार्ग बंद. ताडपत्रीच्या हुडाऐवजी कायमचा पत्र्याचा टप बसवला की बॉडीचा प्रकार बदलला. रंग बदलला तर रंगाचा रकाना. तो मंजुरी घेऊन बदलता येतो, पण नोंद करून घ्यायची. टायर कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेल्या मापातच हवेत. त्या मापात मड टायर (चिखलासाठीचे खोल खाचांचे टायर) मिळतात आणि चिखलात त्यांचा फरक कळतो. 33 इंची टायर आणि गाडी उंच करणारं लिफ्ट किट रस्त्यावरच्या गाडीत बसवू नका. जुन्या जीपच्या ड्रम ब्रेकना ते वजन झेपत नाही, हे कायद्याइतकंच महत्त्वाचं कारण आहे. पुढच्या बुल बारवर (बंपरसमोरच्या लोखंडी गजांवर) डिसेंबर 2017 मध्येच केंद्रीय मंत्रालयाने राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. समोर सर्चलाइट लावायचा तर नियम 111 नुसार आधी मंजुरी लागते. डिफरन्शियलमधला लॉकर (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा), चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर, टो हुक, पोटाखालची संरक्षक प्लेट यांनी आरसीतला एकही रकाना हलत नाही, आणि खऱ्या ऑफरोडला उपयोग यांचाच जास्त होतो.

इंजिन बदलणं हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. थकलेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचं आणि त्याच प्रकारचं इंजिन हा सरळ मार्ग आहे. प्रकार, घनक्षमता किंवा इंधन बदलत असेल तर इंजिन विकत घेण्याआधी आरटीओकडून लेखी उत्तर घ्या. वाहन पोर्टलवर फेरफाराची सेवा निवडून अर्ज होतो. सोबत आरसी, विमा, पीयूसी, इंजिनाचं पक्कं बिल, आणि ते इंजिन जुन्या गाडीतून काढलेलं असेल तर त्या गाडीच्या कागदांची प्रत ठेवा. भंगार बाजारातलं बिनबिलाचं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमतीही हवी. इंजिन बदलल्यावर 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसीत नवा नंबर चढवायचा असतो. आरसी हातात आली की त्याच आठवड्यात विमा कंपनीकडूनही पॉलिसीत तो नंबर दुरुस्त करून घ्या. पॉलिसीत एक आणि गाडीत दुसरा नंबर असेल तर दाव्याच्या वेळी फार त्रास होतो.

पन्नास वर्षांहून जुनी विलीज (जुन्या अमेरिकी बनावटीची जीप) हाती असेल तर थांबा. 2021 च्या नियमांनुसार ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, आणि गाडी रोजच्या वापरात न आणता प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढावी. अशा गाडीत डीआय इंजिन बसवलं की ही दारं मिटली. ती मूळ रूपातच राहू द्यावी असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना स्पर्धेतच उतरायचं आहे, गोव्यात 2014 पासून पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या, त्यांची गाडी रोल केज (उलटल्यास वाचवणारा नळ्यांचा पिंजरा), विंच (दोराने ओढणारं यंत्र) आणि मोठ्या टायरांची असणारच. ती स्पर्धेच्या जागेपर्यंत दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी. त्या अवस्थेत ती सार्वजनिक रस्त्यावर स्वतः चालवत नेऊ नये. आणि वाट वनखात्याच्या हद्दीतून जात असेल तर गाडीची कागदपत्रं पुरत नाहीत, तिथे वनाधिकाऱ्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते.