वॉशिंग मशीनमधला काँक्रीटचा ठोकळा

जुनं फ्रंट लोड मशीन उघडलं की आत काँक्रीटचा ठोकळा दिसतो. ‘मशीन दणकट वाटावं म्हणून कंपन्या फुकटचं वजन भरतात’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शंका येणं साहजिक आहे, पण तो ठोकळा काढू नका.

तो बसवलाय कुठे ते बघा. बाहेरच्या पत्र्याला नाही, तर स्प्रिंगांवर लोंबणाऱ्या टबाला. नुसतं वजनच वाढवायचं असतं, तर तळाशी ठोकून भागलं असतं. कपडे पिळताना ओली चादर एका बाजूला गोळा होते. समजा, मध्यापासून 20 सेंटीमीटरवर अर्धा किलो जास्तीचा भार आहे. लोंबणारा भाग 20 किलोचा असेल, तर पूर्ण वेगात टब साधारण 5 मिलिमीटर हेलकावतो. ठोकळ्यामुळे तो 40 किलोचा झाला, तर निम्माच. अमेरिकेत 1937 साली आलेलं पहिलं घरगुती ऑटोमॅटिक मशीन तर जमिनीला बोल्टने जखडावं लागे, कारण त्यातला टब असा लोंबता नव्हता.

स्वतः पाहायचं असेल तर प्लग काढा, दार उघडा आणि टबाच्या आत फिरणारा ड्रम हाताने वर-खाली दाबा. टबाबरोबर ठोकळाही हलतो, बाहेरचा पत्रा मात्र जागचा हलत नाही.