पहाटे पाच वाजता रक्तात किती दारू असते?

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले. गाडी चालवणारा 17 वर्षांचा होता. अशी बातमी आली की 'दारू पिण्याचं वय वाढवा' ही मागणी निघतेच. पण महाराष्ट्रात ते आधीच 25 आहे, बीअर-वाईनसाठी 21.

वयोमर्यादेने फरक पडतो, यात शंका नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी ती खाली आणली आणि तरुणांचे अपघात वाढले. 1984 च्या कायद्याने, वय 21 न करणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापायचं ठरलं. 1988 पर्यंत सगळी राज्यं वठणीवर आली, अपघातही घटले. रक्तात दारू तेवढीच असली, तरी नवख्या चालकाला धोका जास्त असतो.

पण पंचविशी ओलांडलेल्यांना तरी दारू कशी उतरते हे कुठे ठाऊक असतं? "मटण हाणलंय, ताक प्यालोय, काय होत न्हाई" हे कोल्हापुरात सर्रास ऐकू येतं. भरल्या पोटी दारू रक्तात सावकाश जाते, इतकंच खरं. एकदा रक्तात गेली की ताक, लिंबू, कॉफी, गार पाण्याची अंघोळ, यातलं काहीही तिला लवकर बाहेर काढत नाही. उताऱ्याच्या गोळ्या विकणारे तर शुद्ध थापा मारतात.

खरं काम यकृताचं. बहुतेक औषधं रक्तात जितकी जास्त, तितकी वेगाने निघून जातात. दारूचं तसं नाही. तिचं विघटन करणारं विकर (एन्झाइम), अल्कोहोल डिहायड्रोजिनेज, थोड्याशा दारूनेच पूर्ण गुंतून जातं. दारूच्या प्रत्येक रेणूमागे त्याला एनएडी हे सहविकर, म्हणजे मदतनीस रेणू, लागतं. ते वापरलं की त्याचं एनएडीएच होतं, आणि त्याचं पुन्हा एनएडी होईपर्यंत पुढचं काम अडतं. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग कितीही लांबली, तरी काटा एका वेळी एकच ट्रॉली घेतो. म्हणून रक्तातली दारू तासाला सरासरी 15 मिलिग्रॅम (दर 100 मिलिलिटर रक्तामागे) याच चालीने उतरते.

आता हिशोब करू. 70 किलोच्या पुरुषाने पन्हाळ्यावर 31 डिसेंबरच्या रात्री बाराला व्हिस्कीची एक क्वार्टर संपवली. 180 मिलिलिटरमध्ये 42.8 टक्के, म्हणजे सुमारे 61 ग्रॅम अल्कोहोल. रक्तात अंदाजे 128 मिलिग्रॅम. पाच तासांत 75 उतरले, उरले 53. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा 30 ची आहे. झोप झालेली, डोकं हलकं वाटतंय, आणि हा माणूस पहाटे पाचला वाघबीळचा घाट उतरतोय!

ही 30 ची मर्यादा 18 व्या वर्षी नुकतं लायसन्स हाती पडलेल्या पोरालाही तेवढीच लागू आहे. अमेरिकेत 21 खालच्यांसाठी ती 20 किंवा त्याहूनही कमी आहे. वय आणखी वाढवत बसण्यापेक्षा, ज्यांना कायद्याने दारू विकतच घेता येत नाही, त्यांच्यासाठी गाडी चालवताना ही मर्यादा थेट शून्यावर आणा.