बडोदं, क्युबेक आणि बहुमताचं राजकारण

आंतरसांस्कृतिक धोरणाची, म्हणजे एक सामायिक भाषा धरून वेगवेगळ्या समाजांनी एकमेकांत मिसळण्याची, चर्चा बहुतेक वेळा कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्युबेक प्रांतापासून सुरू होते. कॅनडाने १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकता, म्हणजे सगळ्या संस्कृतींना सारखाच मान, स्वीकारली, पण आपली फ्रेंच ही अनेकांतली एक ठरावी हे क्युबेकला रुचलं नाही. फ्रेंच सगळ्यांची सामायिक भाषा धरायची आणि मग एकमेकांत मिसळायचं, अशी वाट तिथे निघाली. पुढे लोकानुनयाने या वाटेला गाठलं. २००७ मध्ये एरूव्हिल या गावाने बाहेरून येणाऱ्यांसाठी आचारसंहिता काढली. इथे दगडांनी ठेचून मारता येणार नाही, असं तिच्यात होतं. गावात स्थलांतरित जवळजवळ नव्हतेच! अल्पसंख्याकांच्या धार्मिक रीतींना किती जागा द्यायची हे पाहायला त्याच वर्षी बुशार-टेलर आयोग नेमला गेला. त्याने धर्मचिन्हांवरची बंदी न्यायाधीश, पोलीस अशांपुरती सुचवली होती; २०१९ च्या कायद्याने ती सरकारी शाळांतल्या शिक्षकांपर्यंत नेली.

बडोदा संस्थानात गादी मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती. सयाजीराव तिसऱ्यांनी कारभारात गुजरातीला मान दिला, १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, १९०६ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू केलं. अंत्यजांच्या शाळांना सवर्ण शिक्षक मिळेनात, तेव्हा मुसलमान आणि पुढे आर्यसमाजी शिक्षक नेमले. हे सगळं जमलं याचं एक कारण असं की महाराजांना निवडून यायचं नव्हतं. बडोद्याच्या दांडिया बाजारात सयाजीरावांचा विषय निघाला की आपण मराठी मंडळी नेमकं हेच गाळतो.

हुकुमाची धाव कुठवर होती ते १९१७ मध्ये दिसलं. राज्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकलेले आंबेडकर नोकरीवर रुजू झाले, पण राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. काठ्या घेतलेल्या पारशांनी तिथून बाहेर काढलं. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडेही सोय झाली नाही. गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले. दरबाराने शाळा काढल्या होत्या, शेजार कुणी घडवला नव्हता.

१९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९६० मध्ये शहर गुजरातेत आलं. मराठी माणसं इथे आधीही थोडीच होती, फक्त तेव्हा गादी आपली होती. आता क्युबेकच्या बातम्या आपल्याला स्थलांतरिताच्या बाजूने वाचायला हरकत नाही.