खिडकीच्या गजाला टांगलेला मॉडेम

बेळगाव जिल्ह्यात जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या वाटेला माझ्या मावशीचं गाव, जुलैमध्ये तिथं गेलो होतो. रात्री नऊच्या सुमारास मावशी माजघरातून बाहेर येऊन बघते तर पश्चिमेच्या खिडकीच्या गजाला प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझा फोन टांगलेला. "हे काय रे वाळत घातलंयस?" मी म्हटलं मावशी, मॉडेम आहे तो. "मॉडेम असूदे, खरं पावसात भिजंल की!"

झालं होतं असं, मावसबहिणीच्या मुलीची सीईटीची ऑप्शन एन्ट्री (पाहिजे ती कॉलेजं क्रमानं ऑनलाइन भरायची) चालू होती, शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची, आणि पन्नास-साठ कॉलेजांचा क्रम फोनच्या स्क्रीनवर लावत बसणं म्हणजे डोकेदुखी, म्हणून लॅपटॉप काढला. घरात ब्रॉडबँड नाही, माजघरात फोनला एक काडी पण रेंज नाही. मग फोनचा हॉटस्पॉट करायचा, म्हणजे फोनचं नेट वायफायनं लॅपटॉपला द्यायचं, आणि तो रेंज असेल तिथं टांगायचा, एवढाच उपाय. आपण सगळे रोज हे करतो, पण त्या पिशवीतल्या फोनला नेमकं काय काय करावं लागतं ते बघितलं तर त्याची जरा दयाच येईल.

मॉडेम हा शब्द मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर अशी दोन नावं जोडून झालाय. कॉम्प्युटरची भाषा शून्य आणि एक, आणि ती तशीच्या तशी तारेतून किंवा हवेतून लांब जात नाही, तिला कुठल्यातरी लाटेवर बसवावं लागतं. बसवणं म्हणजे मॉड्युलेशन, पलीकडं उतरवून घेणं म्हणजे डिमॉड्युलेशन. ज्यांनी डायल-अप बघितलंय त्यांना ती किर्रर्र... टिंग-टाँग... खर्रर्र अशी कर्कश किंचाळी आठवत असेल, ती म्हणजे दोन मॉडेम एकमेकांशी "किती वेगानं बोलायचं" ते ठरवायचे त्याचा आवाज. फोनची लाईन माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज त्यातून जायचा, मग आकडे पण आवाज करूनच पाठवायला लागायचे. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सुरू केलं, आणि डायल-अप अगदी शेवटी शेवटी गेलं ते ५६ केबीपीएसपर्यंत, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट (एक शून्य किंवा एक म्हणजे एक बिट). हा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

नंतर नोकियाचा जमाना आला. डेटा केबल लावायची, पीसी सूट हे नोकियाचं सॉफ्टवेअर उघडायचं, आणि लॅपटॉपवरून *९९# असा नंबर डायल करायचा. मला कैक दिवस वाटायचं की हा कंपनीच्या ऑफिसातला नंबर असणार. तसं काही नव्हतं, तो कॉल कुठंच जात नव्हता. लॅपटॉपला जुन्या मॉडेमची सवय, त्याला नंबर फिरवल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून फोन त्याच्यासमोर मॉडेमचं सोंग घ्यायचा आणि *९९# ऐकलं की समजून जायचा, बरं बरं, डेटा पाहिजे होय. त्या सोंगातली भाषा तर अजून जुनी. १९८१ साली आलेल्या हेज स्मार्टमॉडेमच्या 'एटी' कमांड, एटी म्हणजे अटेन्शन, सावधान. आजच्या फोर-जीच्या मॉडेम चिपला पण ही भाषा कळते, इतकी वर्षं झाली तरी.

म्हणजे फोन लॅपटॉपला जोडल्यावर मॉडेम 'होतो' असं काही नाही. मॉडेम त्याच्या पोटात चोवीस तास असतोच, तुम्ही रील बघताना पण तोच राबत असतो. फक्त आता तो किर्रर्र करत नाही, रेडिओच्या लाटांवर काम करतो. फोर-जीमध्ये २० मेगाहर्ट्झचा पट्टा असेल तर त्यात १५ किलोहर्ट्झच्या अंतरानं १२०० बारीक बारीक लाटा शेजारी शेजारी चालतात आणि प्रत्येकीवर थोडा थोडा माल लादलेला असतो. किती लादायचा ते रेंज बघून ठरतं. शिवारात जवळच्या माणसाशी आपण भरभर बोलतो, पण दोन बांध पलीकडच्याला हाक मारायची असली की कसं एकेक शब्द तोडून "आ-रं-ये-तो-स-का" करतो, तसंच. सिग्नल खणखणीत असेल तर लाटेच्या एका ठोक्याला ६ किंवा ८ बिट, कमजोर असेल तर फक्त २. टॉवर तोच, प्लॅन पण तोच, आणि तरी माजघरात नेट रांगतं ते यामुळं.

सिग्नल किती आहे ते काड्यांवरून बघू नका, काड्या प्रत्येक कंपनीचा फोन आपापल्या मनानं दाखवतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अबाऊट फोन, त्यात सिम स्टेटस, तिथं उणे काहीतरी डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप) असा खरा आकडा असतो. मावशीच्या माजघरात उणे ११५, आणि पश्चिमेच्या खिडकीत उणे ९८. बघायला फरक १७ चा, खरं या हिशोबात दर १० ला दहापट होतं, म्हणजे खिडकीतला सिग्नल माजघरापेक्षा पन्नासपट तगडा. जांभ्याच्या दीड फूट भिंती, त्या पण जुलैच्या पावसात भिजून चिंब, आणि मागच्या पडवीवर पत्रा. पाणी लाटा पिऊन टाकतं, पत्रा परतवून लावतो. हवेतला पाऊस मात्र उगाच बदनाम आहे. मोबाइलच्या ८५० पासून २३०० मेगाहर्ट्झच्या लाटांची लांबी १३ ते ३५ सेंटीमीटर, पावसाचा थेंब त्यांच्यापुढं मोहरी. पावसात नेट जातं ते बहुतेक वेळा लाईट जाऊन टॉवरची बॅटरी संपते म्हणून, नाहीतर टॉवर टू टॉवर ज्या तबकड्या लावलेल्या असतात त्यांच्या लाटा बारीक असतात, त्यांना मुसळधार पाऊस खरंच अडवतो.

तर हॉटस्पॉटची खरी गंमत काय, तर मॉडेम एकीकडं आणि माणूस दुसरीकडं बसू शकतो. फोन खिडकीत, भाची चुलीजवळ पाटावर. इथंच बऱ्याच जणांचा घोळ होतो, लॅपटॉपवर वायफायच्या काड्या फुल्ल दिसतात आणि मग "नेट फुल आहे खरं उघडेना झालंय" अशी तक्रार. अहो त्या काड्या लॅपटॉप ते फोन या दहा फुटांच्या आहेत, फोन ते टॉवर या चार किलोमीटरच्या नाहीत. दोन वेगळे रस्ते. केबल लावली तर पहिला रस्ता तारेचा होतो, फोन लॅपटॉपला सांगतो मी नेटवर्क कार्ड आहे, आणि लॅपटॉप ते मुकाट्यानं मानतो. फक्त केबल बघून घ्या, साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन करंटच्या आणि दोन डेटाच्या, आणि स्वस्तातल्या काही केबलमध्ये डेटाच्या दोन घातलेल्याच नसतात. फोन चार्ज होत राहतो आणि आपण लॅपटॉपमधल्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसतो. ब्लूटूथनं पण होतं, बॅटरी कमी खातं, पण वेग जेमतेम एक-दोन एमबीपीएस, मेल बघण्यापुरतं ठीक.

मॉडेमशिवाय फोन अजून एक काम करतो, ते मला सगळ्यात आवडतं. आमच्याकडं कुरियरवाला गावात आत येत नाही, फाट्यावरच्या दुकानात पार्सल टाकून जातो. त्याच्या कागदावर पत्ता एकच, दुकानाचा. कुणाचं कुठलं ते दुकानदार वहीत लिहून ठेवतो. फोन तसाच. कंपनीनं त्याला एक पत्ता दिलेला असतो, आणि तो घरातल्या लॅपटॉपला, टॅबला १९२.१६८ नं सुरू होणारे आपले खाजगी पत्ते वाटतो. लॅपटॉपनं मागितलेलं पान बाहेर जाताना फोनच्या नावावर जातं, आलं की फोन वही उघडून बघतो आणि ज्याचं त्याला देतो, सेकंदाला हजारो वेळा. याला नॅट म्हणतात. डेटा बारीक बारीक पाकिटांतून जातो, आणि प्रत्येक पाकिटावर अजून किती हात बदलता येतील याचा एक आकडा असतो, प्रत्येक हाताला तो एकनं कमी होतो. अँड्रॉइड फोनचं पाकीट ६४ वरून निघतं, विंडोज लॅपटॉपचं १२८ वरून. कंपनीच्या दारात ६४ च्या जागी १२७ दिसलं की त्यांना कळतं, आत कुणीतरी लॅपटॉप लावून बसलंय.

आता त्या रात्रीचं. फोन टांगला, काड्या भरल्या, लॅपटॉप जोडला, आणि स्क्रीनवर 'नो इंटरनेट'. "मामा, काय करूलाय वो तुमचा फोन?" भाची रडकुंडीला. मी रिस्टार्ट केला, एअरप्लेन मोड केला, सगळे देव झाले. मग काड्यांच्या शेजारी बारीकसा इंग्रजी 'आर' दिसला, आर म्हणजे रोमिंग, परक्या नेटवर्कवर. पश्चिमेची खिडकी म्हणजे गोव्याचं तोंड! फोननं डोंगरापलीकडचा गोव्याचा टॉवर धरला होता, आणि टेलिकॉमच्या हिशोबात देशाचे जे भाग पाडलेत, ज्यांना सर्कल म्हणतात, त्यात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो, आमचं सिम कर्नाटक सर्कलचं. प्रत्येक नेटवर्कला एक कोड असतो, पहिले तीन आकडे देशाचे, भारताचे ४०४ नाहीतर ४०५, पुढचे आकडे कंपनी आणि सर्कलचे. कंपनी तीच असली तरी सर्कल बदललं की कोड बदलतो, फोनला वाटतं आपण परक्या मुलखात आलो. आणि बऱ्याच फोनांत 'डेटा रोमिंग' हे बटण मुळातच बंद असतं. कॉल लागतो, मेसेज जातो, डेटा नाही. उचगावकडून शिनोळीकडं जाताना, निपाणीच्या पुढं कोगनोळीला, सगळीकडं हाच अनुभव. सीमाभागातल्या माणसाला स्वयंपाकघरातून परसात गेल्यावर "महाराष्ट्रात स्वागत आहे" असा मेसेज येतो. आमच्या तीन पिढ्या ज्या हद्दीपायी भांडल्या ती फोन दिवसातून चारदा ओलांडतो आणि त्याला काही वाटत पण नाही. ते डेटा रोमिंगचं बटण चालू करून ठेवा, बहुतेक प्लॅनमध्ये देशातल्या देशात आता वेगळा चार्ज लागत नाही, तरी आपला प्लॅन एकदा बघून घ्या.

बटण चालू केलं, नेट आलं. फोनला हात लावला तर तवा. एरवी फोनचा रेडिओ काम झालं की दहाएक सेकंदांत झोपतो, पण लॅपटॉप त्याला झोपू देत नाही, मागं कुठं मेल तपास, कुठं फाईल सिंक कर, सारखी टकटक. वर टॉवर लांब, म्हणजे फोन आपल्या पूर्ण ताकदीनं, ०.२ वॅटनं ओरडतोय, आणि त्याच वेळी वायफायचा दुसरा रेडिओ पण चालू. पिशवीत कोंडल्यानं अजूनच तापला म्हणून पिशवीचं तोंड खाली करून उघडं ठेवलं. फार तापला की प्रोसेसर आपोआप हळू होतो, बॅटरीचं आयुष्य जातं ते वेगळंच.

पावणेअकराला दिवसाचा दीड जीबी संपला. संपेल कसा, पन्नास-साठ कॉलेजं भरायला किती डेटा लागतो? बघितलं तर लॅपटॉपनं साधं वायफाय समजून विंडोजचा अपडेट ओढायला घेतला होता (त्याला 'मीटर्ड कनेक्शन', म्हणजे हे नेट मोजून मिळतं, असं सांगायचं असतं, तेवढं मी विसरलो), आणि हॉटस्पॉटला आमच्याशिवाय अजून दोन फोन जोडलेले, शेजारची पोरं, पासवर्ड १२३४५६७८ ठेवल्यावर दुसरं काय होणार. कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे जवळजवळ तेच जुनं डायल-अप, सेकंदाला ८ किलोबाइट, एक एमबी यायला दोन मिनिटं. तेव्हाची पानं हलकी होती म्हणून चालून जायचं, आताचं साधं लॉगिनचं पान पण दोन-तीन एमबीचं. भाची म्हणाली, थांबूया मामा, बाराला नवीन कोटा येतोय.

मग काय, अपडेट बंद केला, पासवर्ड बदलला आणि चहा ठेवला. बारा वाजून चार मिनिटांनी पान उघडलं, साडेबाराला शेवटचं कॉलेज टाकून तिनं सबमिट दाबलं आणि पीडीएफ उतरवून घेतली. आतल्या खोलीतून मावशीचा आवाज, "झालं काय गं? झालं असंल तर ती पिशवी आत घ्या, सर येऊलीय."