रंगीत डायल फोन : संग्रह आणि ओळख

रंगीत डायल फोन : अमेरिकेत बेल सिस्टिम या टेलिफोन कंपन्यांच्या समूहाने ग्राहकांच्या घरी बसवलेले, काळ्याखेरीज इतर रंगांचे, चकती फिरवून नंबर लावायचे टेलिफोन. ते बनवले वेस्टर्न इलेक्ट्रिक या बेलच्याच कारखानदार कंपनीने. ‘३०२’, ‘५००’ आणि ‘प्रिन्सेस’ ही त्यांतली संग्राहकांच्या विशेष आवडीची मॉडेले. आज हे फोन ऑनलाइन लिलावांत, जुन्या घरांतल्या सामानाच्या विक्रीत आणि संग्राहकांच्या मेळाव्यांत मिळतात. फोनचा रंग कोणालाही दिसतो. तो कारखान्यातून निघतानाचाच आहे का, हे मात्र बोली लावणाऱ्याला शोधून काढावे लागते.

या शोधाची गरज का पडते, याचे उत्तर मालकीत आहे. बेलच्या काळात ग्राहक फोन विकत घेत नसे. तो कंपनीचा असे आणि ग्राहक महिन्याचे भाडे भरत असे. रिसीव्हरच्या दांड्यावर किंवा तळाला ‘बेल सिस्टिमची मालमत्ता, विक्रीसाठी नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर उठवलेला सापडतो. भाडेकरू घर सोडून गेला की फोन कंपनीकडे परत येई. तिथे तो उघडून साफ केला जाई, खराब भाग बदलले जात आणि तोच फोन दुसऱ्या घरी लागे. दुरुस्ती करणाऱ्याला चालणारा फोन हवा होता. १९५५ चा सांगाडा, १९६१ ची डायल आणि १९६८ चे कवच एकत्र आले तरी त्याला काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. रंगीत फोनसाठी ग्राहकाला जादा आकार पडे, त्यामुळे काळ्यांच्या तुलनेत ते मुळातच कमी लागले आणि त्यांतले पुष्कळसे या फेऱ्यांत सुट्या भागांचे जोड होऊन बसले. १९६८ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने दिलेल्या कार्टरफोन निकालाने बाहेरची उपकरणे बेलच्या जाळ्याला जोडण्याची वाट मोकळी केली आणि १ जानेवारी १९८४ रोजी बेल सिस्टिम विभागली गेली. त्या सुमारास अनेकांनी घरातला भाड्याचा फोन विकत घेऊन टाकला. आज लिलावात येणारा बराच माल अशाच घरांतला आहे.

‘३०२’ हे मॉडेल १९३७ मध्ये आले. त्याची रूपरेखा औद्योगिक डिझायनर हेन्री ड्रेफस यांच्या कार्यालयाची. सुरुवातीचे कवच जस्ताच्या मिश्रधातूचे, ओतीव होते आणि रंगीत नग म्हणजे याच धातूवर दिलेला रंग. १९४१ च्या सुमारास कवच प्लॅस्टिकचे झाले, तेव्हा रंग साच्यातूनच येऊ लागला. हस्तिदंती, पेकिन रेड नावाचा तांबडा, गडद निळा, करडा-हिरवा आणि जुना गुलाबी हे रंग संग्राहकांच्या तोंडी नेहमी असतात. अस्सल रंगीत ३०२ दुर्मिळ आहे, म्हणूनच नकली पुष्कळ आहेत. काळ्या धातूच्या कवचावर नव्याने फवारलेला रंग ओळखायचा तर कवच उतरवून आतली बाजू, स्क्रूची भोके आणि कडा पाहाव्यात. फवाऱ्याचा शिंतोडा बहुधा तिथेच सापडतो. प्लॅस्टिकच्या कवचात रंग आरपार असायला हवा.

‘५००’ची चाचणी १९४९ मध्ये झाली आणि पुढच्या वर्षापासून त्याचे भरघोस उत्पादन सुरू झाले. हाही ड्रेफस यांच्याच कार्यालयाचा आराखडा. आधीच्या डायलवर आकडे बोटाच्या भोकांत असत. ५०० वर ते चकतीच्या बाहेर आले, म्हणजे चकती फिरत असतानाही दिसू लागले. पण भोके रिकामी झाल्यावर लोकांचा डायल करण्याचा वेग मंदावला. बेल प्रयोगशाळेतले जॉन कार्लिन यांनी प्रत्येक भोकाखाली एक ठिपका सुचवला आणि बोटाला नेम मिळाला. डायलच्या अख्ख्या इतिहासात यापेक्षा स्वस्त सुधारणा शोधूनही सापडणार नाही. पहिली काही वर्षे ५०० फक्त काळा होता. १९५४ च्या सुमारास रंग आले. तांबडा, पिवळा, हिरवा व हस्तिदंती यांच्या जोडीला तपकिरी, गडद निळा, गडद करडा आणि गडद बेज असे गंभीर रंगही त्यांत होते. थोड्याच वर्षांत या गडद रंगांची जागा गुलाबी, आकाशी, फिरोजी, पांढरा अशा फिकट रंगांनी घेतली. गडद रंगांचे नग थोडीच वर्षे निघाले, त्यामुळे आजची चुरस त्यांच्यासाठी असते. काळा ५०० मात्र इतका निघाला, की त्याला भाव येण्यासाठी वेगळे काही कारण लागते.

ओळखीचा मुख्य आधार तारखा. वेस्टर्न इलेक्ट्रिकने जवळजवळ प्रत्येक भागावर तारीख टाकली. तळपत्र्यावर मॉडेलच्या आकड्याशेजारी महिना-वर्षाचा शिक्का असतो. घंटी, डायलची मागची बाजू आणि आतली जोडणीची पेटी यांवर आपापल्या तारखा असतात. प्लॅस्टिकच्या कवचाच्या आत महिना, दिवस आणि वर्ष असे तिन्ही उठवलेले मिळतात. रिसीव्हरची दोन्ही झाकणे फिरवून काढली की त्यांच्या आत आणि खालच्या ऐकण्याच्या व बोलण्याच्या डब्यांवरही तारीख सापडते. हे सगळे एकमेकांपासून दोन-तीन महिन्यांच्या आत असतील तर फोन जसा निघाला तसाच उरला आहे असे मानतात. लिलावाच्या वर्णनात ‘सर्व तारखा जुळणारा’ असे लिहिलेले असले की बोली चढते. कवच सांगाड्याच्या आधीचे असू शकते, कारण भाग आधी साठवले जात. पण ते पाच वर्षांनंतरचे असेल तर ते बदललेलेच. तळाला किंवा सुट्या भागांवर रंगाचा अंक असेल तर तोही उपयोगी: ०३ काळा, ५० हस्तिदंती, ५३ तांबडा, ५६ पिवळा, ५८ पांढरा. तळावर ०३ आणि वर तांबडे कवच असा फोन दिसला तर त्याच्या नशिबात दुरुस्तीची फेरी आली होती, हे उघड आहे.

तारखा खोट्या करणे कठीण, पण भाग जुळवणे सोपे आहे. काही जण पाच-सहा फोन उघडून एका वर्षाचा संच जमवतात आणि मूळचा म्हणून विकतात. असा फोन आणि कारखान्यातूनच जुळून आलेला फोन यांत फरक करण्याचे खात्रीचे साधन नाही. स्क्रूंच्या खाचांची झीज, कवच आणि तळ यांवर सारखीच बसलेली धूळ, आणि वायरचा रंग व वय, एवढ्यावरच अंदाज बांधावा लागतो. वायर सगळ्यांत आधी खराब होई व बदलली जाई. म्हणून कवचाच्याच रंगाची जुनी वायर मिळाली तर ती एकटीच लक्ष देण्याजोगी आहे.

रंग टिकत नाही, ही दुसरी अडचण. सुरुवातीचे ५०० चे रंगीत कवच सेल्युलोज ॲसिटेट ब्युटिरेट या मऊ प्लॅस्टिकचे होते. ते वर्षानुवर्षे बंद डब्यात राहिले की ब्युटिरिक आम्ल सुटते आणि पेटी उघडताच खवट तुपासारखा वास येतो. वास अप्रिय खरा, पण जुने कवच ओळखण्याची ती एक खूण आहे. १९६० च्या सुमारास आलेल्या एबीएस या कडक प्लॅस्टिकच्या कवचाला तो येत नाही. मऊ प्लॅस्टिक आकसते, म्हणून झाकणे सैल होतात किंवा अडकून बसतात. उन्हाने दोन्ही प्लॅस्टिके विटतात: गुलाबी बेजकडे झुकतो, आकाशी हिरवट होतो, पांढरा पिवळा पडतो. मूळ छटा पाहायची तर रिसीव्हरच्या झाकणाखालची, उजेड न लागलेली कड पाहावी. विटलेला थर वाळूच्या कागदाने घासून चकाकी आणतात, किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात. घासण्याने कडा गोलावतात आणि एकदा गेलेला धारदारपणा परत येत नाही. असे काम करून ते वर्णनात न सांगणे ही फसवणूकच मानावी.

दिसायला ५०० सारखे असणारे काही फोन नवख्याला चकवतात. ‘५३०२’ म्हणजे जुन्या ३०२ च्या सांगाड्यावर चढवलेले ५०० च्या धर्तीचे कवच. १९५० च्या दशकाच्या मध्यात जुना साठा वापरात आणण्यासाठी बेलने तो काढला. उलटा करून तळ पाहिला की प्रश्न मिटतो. १९५६ च्या न्यायालयीन समझोत्याने बेलला आपली पेटंटे इतरांना द्यावी लागली. मग स्ट्रॉम्बर्ग-कार्लसन आणि आयटीटी या कंपन्यांनीही ५०० बनवले. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही, पण किमतीत ते वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या नगाशी बरोबरी करत नाहीत. ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक या बेलबाहेरच्या अमेरिकन कंपनीच्या रंगीत फोनांचे चाहते वेगळे आहेत.

प्रिन्सेस १९५९ मध्ये पांढरा, बेज, गुलाबी, निळा आणि फिरोजी या पाच रंगांत आला. त्याची डायल उजळत असे आणि सुरुवातीला त्यात घंटी नव्हती, ती भिंतीवर वेगळी लावावी लागे. रिसीव्हरमध्येच डायल असलेला ट्रिमलाइन १९६५ चा. तो अजून मुबलक आहे.

ऑनलाइन लिलावात फोटोच्या रंगावर विश्वास ठेवू नये, कारण दिव्याच्या उजेडात फिकट बेज सहज गुलाबी दिसतो. पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून काढलेला फोटो, तळाचा फोटो आणि झाकणे काढून काढलेला फोटो मागावा. विक्रेता ‘मला उघडता येत नाही’ म्हणाला तर बोली त्या हिशेबाने ठेवावी. डायलच्या मध्यावरचे जुने नंबरकार्ड मूळचे असेल तर ते पुसू किंवा बदलू नये. कोणत्या शहरात आणि कोणत्या एक्स्चेंजवर फोन होता, हे तेच सांगते. अमेरिकेत अँटिक टेलिफोन कलेक्टर्स असोसिएशन आणि टेलिफोन कलेक्टर्स इंटरनॅशनल या दोन संघटना या क्षेत्रात प्रमुख आहेत.

भारतात घराघरांत दिसलेला काळा फोन वेगळ्या घराण्यातला आहे. बेंगळुरूची इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज १९४८ मध्ये ब्रिटिश तंत्रज्ञानाच्या आधारे उभी राहिली. त्यामुळे तिच्या यंत्रांवर वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या तारखांचे नियम लागू होत नाहीत. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या फोनांबरोबर नव्याने घडवलेले पितळी शोभेचे फोनही मांडलेले असतात. तिथे ‘अमेरिकन रंगीत फोन’ म्हणून काही दाखवले तर पाहण्याचा क्रम तोच ठेवावा: आधी तळ, मग रिसीव्हरच्या झाकणांची आतली बाजू आणि शेवटी रंग.