ताई कार्डावर नसलेली लस

महाराष्ट्रातून बेळगावात सून म्हणून आलेल्या मुलीची एक फजिती ठरलेली असते. दिवस गेले की आशा कार्यकर्ती दारात येऊन विचारते, "ताई कार्ड काढलं काय?" सुनेला वाटतं, हे नणंदेचं काहीतरी असणार. कानडीत 'तायि' म्हणजे आई. गरोदरपणात मिळालेल्या या कार्डातच पुढं बाळाच्या लसी लिहिल्या जातात. बीसीजी, पोलिओ, गोवर, सगळ्यांचे चौकोन. ते भरत गेले की आई निर्धास्त.

माझी वहिनीही तशीच निर्धास्त होती. गेल्या वर्षी जुलैच्या झडीत तीन वर्षांची पुतणी दुपारी अंगणवाडीतून आली ती खेळत आली, आणि दिवेलागणीला तिचं अंग भाजत होतं. ताप १०३. रात्री दोन वेळा उलटी, पाय दुखतात म्हणून रडणं, पाणीसुद्धा नको. सकाळी मुलांच्या डॉक्टरांनी छाती तपासता तपासता विचारलं, "फ्लूची लस दिलीय?"

"सगळ्या दिल्यात की! कार्ड बघा."

"कार्डात नसते ती," डॉक्टर म्हणाले.

नसतेच. सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणात फ्लूची लस नाही, त्यामुळे कुणी आठवण करायला दारात येत नाही. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना मात्र सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या सगळ्याच मुलांना ती दरवर्षी द्या म्हणते. दमा, हृदयाचा आजार किंवा मधुमेह असेल तर पाचनंतरही.

आपल्याकडे नाक वाहणाऱ्या प्रत्येक आजाराला 'फ्लू' म्हणतात, आणि खऱ्या फ्लूला 'साधी सर्दी' म्हणून सुंठ-हळदीवर ठेवतात. सर्दी दबकत येते: आधी शिंका, मग घसा, मग थोडी कणकण. इन्फ्लुएंझा एका दुपारीत आडवं करतो. मोठ्या माणसाचं आठवड्याभरात निभावतं. लहान मुलाच्या श्वासनळ्या मुळात अरुंद, त्यात सूज आणि कफ आला की हवेला वाट उरत नाही. कानात पू होणं, तापात झटके येणं, न्यूमोनिया हे सगळं यातूनच निघतं, आणि दोन वर्षांखालच्या बाळांना धोका सर्वांत जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसं फ्लूमुळे होणाऱ्या श्वसनाच्या आजारांनी दगावतात. बरगड्यांखालची जागा श्वासागणिक आत ओढली जात असेल, बाळ दूध-पाणी घेत नसेल, मलूल पडलं असेल, तर रात्र काढू नये. आणि घरातली अ‍ॅस्पिरिनची गोळी फोडून मुलाला कधीच देऊ नये. फ्लूमध्ये तिच्यामुळे मेंदू आणि यकृताला इजा करणारा रेज सिंड्रोम होऊ शकतो.

"पण दरवर्षी कशाला? गोवराची दोनदा दिली, संपलं की." वहिनीचा हा प्रश्न रास्त होता.

फ्लूच्या विषाणूच्या अंगावर दोन प्रकारची प्रथिनं असतात. एक कोयंड्यासारखं, आपल्या पेशीला अडकून आत शिरायला. दुसरं कात्रीसारखं, आत तयार झालेली पिलावळ पेशीपासून सुटी करायला. एच१एन१ या फ्लूच्या प्रकाराच्या नावातले 'एच' आणि 'एन' ते हेच. आपलं शरीर मुख्यतः कोयंडा ओळखून ठेवतं. पण विषाणू स्वतःची नक्कल करताना पाटीवर घाईघाईनं उतरवून घेणाऱ्या पोरासारखा चुका करतो आणि त्या तपासत नाही. चुका साठत जातात, कोयंड्याचा आकार किंचित बदलतो, आणि गेल्या वर्षीच्या पहारेकऱ्याला चोर ओळखू येत नाही. शिवाय लसीनं आलेली ताकदही काही महिन्यांत उतरणीला लागते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा बसतात आणि लसीत कोणते विषाणू घालायचे ते ठरवतात: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. पूर्वी लसीत चार विषाणू असत. त्यातला बी-यामागाता नावाचा मार्च २०२० नंतर जगात कुठं खात्रीनं सापडलेलाच नाही. कोविडच्या काळात मास्क आणि बंद शाळांमुळं त्याची साखळी तुटली असावी. आता तीन विषाणूंची लस पुरते, तेव्हा औषधाच्या दुकानात 'चारवालीच द्या' म्हणून अडून बसू नका.

आता आपल्या मुलखाची गोष्ट. नकाशात बेळगाव उत्तर गोलार्धात आहे, पण आपला फ्लू नकाशा बघून येत नाही. भारतात त्याची एक लाट जानेवारी ते मार्च आणि दुसरी पावसाळ्यात येते. खानापूर-जांबोटीकडं पावसानं झोडपायला सुरुवात केली की दारं-खिडक्या बंद होतात, ओले रेनकोट वर्गातच लटकतात, एका रिक्षात आठ-दहा पोरं गुडघ्याला गुडघा लावून बसतात. लस अंगी लागायला दोन आठवडे जातात. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर दोन डोस लागतात, मध्ये किमान चार आठवडे. आणि कर्नाटकातल्या शाळा जूनच्या तोंडालाच उघडतात. चंदगड-गडहिंग्लजच्या मामेभावंडांची सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत चालते, आपल्या मुलांची नाही. मागं मोजत जा: पहिला डोस एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे निकाल लागला की, मामाच्या गावाला जायच्या आधी. हुकला तर उशिरा दिलेली लसही न दिलेल्यापेक्षा बरी. फक्त खोक्यावरचं साल वाचा, सर्वांत अलीकडचीच घ्या.

घरात आजी-आजोबा असतील तर या लसीचा फायदा एकट्या मुलापुरता राहत नाही. कॅनडात हटराइट नावाचे शेतकरी आहेत. त्यांच्या वसाहतीत पंगत एक, स्वयंपाकघर एक, म्हणजे आपलं एकत्र कुटुंबच म्हणा, फक्त गावाएवढं. २००८-०९ च्या हिवाळ्यात संशोधकांनी अशा ४९ वसाहती निवडल्या. काही ठिकाणी फक्त मुलांना फ्लूची लस दिली, बाकी ठिकाणी तुलनेसाठी मुलांना कावीळ-ए ची. कुठं काय दिलं हे वसाहतींना ठाऊक नव्हतं. जिथं मुलांना फ्लूची लस मिळाली, तिथं लस न घेतलेल्या माणसांमध्येही फ्लू ६१ टक्क्यांनी कमी आढळला. मुलं विषाणू जास्त दिवस बाहेर टाकतात आणि लक्षणं दिसायच्या आधीपासूनच वाटत सुटतात. पोराच्या दंडातली सुई आजीच्या छातीला उपयोगी पडते ती अशी.

लस म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. विषाणूशी जुळलेल्या वर्षी ती डॉक्टरकडं जायला लावणारा फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. झालाच तर सहसा सौम्य होतो. सर्दीचे विषाणू शेकड्यांनी आहेत, त्यांच्यावर ती काही करत नाही. म्हणून 'लस दिली तरी नाक वाहतंय' ही तक्रार खरी असते, आरोपी चुकीचा असतो. सुईच्या लसीत विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते, इतकंच.

बऱ्याचशा लसी कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, यावर आमच्या आजीनं नाक मुरडलं. तिला मी टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोची आठवण दिली. आज तिथं लोक सकाळी फिरायला जातात, पण नाव पडलं ते देवीच्या लसीमुळं, आणि त्या काळी ती लस वासरांच्या कातडीवर वाढवत. आजीच्या दंडावर तिचाच वण आहे. तिनं पदर ओढून तो झाकला आणि विषय बदलला.

पैशाचं मात्र मला उत्तर नाही. लस खासगीत, खिशातून, आणि पहिल्या वर्षी दोनदा. रोजंदारीवरच्या घराला 'घ्याच' म्हणताना जीभ अडखळते. त्यांनी आधी कार्डावरच्या फुकट लसी एकही न चुकता घ्याव्यात. सहा महिन्यांखालच्या बाळाला तर ही लस देताच येत नाही. आईनं गरोदरपणी घेतली असेल तर तिचीच ताकद बाळाला मिळते.

पुतणी पाच दिवसांनी उठून बसली. यंदा एप्रिलमध्ये तिचा पहिला डोस झाला, मे महिन्यात दुसरा. वहिनीनं ताई कार्डाच्या मागच्या कोऱ्या जागेत बॉलपेननं 'फ्लू' लिहून दोन्ही तारखा घातल्यात, आणि खाली पुढच्या वर्षाचा चौकोन स्वतःच आखून ठेवलाय.